ईहीणबाईंचे मतदार

प्रेमलताबाई तितरमारे यांना मी ओळखत होतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आमची घरं समोरासमोर, मध्ये फक्त गल्ली. सात-आठ वर्षं त्यांचं फाटक उघडलं की मला ऐकू यायचं. पण त्यांचं माहेर कुही तालुक्यातलं, यापलीकडे गाव कोणतं ते विचारायचं राहूनच गेलं. त्यांना कशाची भीती वाटायची, एकट्या असताना त्या काय करायच्या, देवाजवळ काय मागायच्या, यातलं मला काहीच सांगता येणार नाही. म्हणून लेआउटच्या स्मरणिकेसाठी त्यांच्यावर लिहा असं मंडळाने सांगितलं तेव्हा मी म्हणालो, दुसरं कोणी बघा. ते म्हणाले, "काकाजी, मतदानाच्या दिवशी पहिल्यापासून आखरीपर्यंत तुम्हीच सोबत होते." ते मात्र खरं आहे. तेव्हा मी त्या दिवसाचंच सांगतो. बाकीचं ज्यांना जास्त माहीत आहे त्यांनी सांगावं.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगावं लागेल. आमचा लेआउट रिंगरोडच्या बाहेर आहे. पूर्वी इथे तूर आणि कापूस होता. आता सहा गल्ल्या, एक हनुमानाचं देऊळ, एक बगीचा आणि खूप कुलर आहेत. कोणी धरमपेठेतून भाड्याचं घर सोडून आलं, कोणी नंदनवनातून, कोणी थेट खेड्यातून. विचारलं तर सगळे सांगतात, "आम्ही नागपूरचे." पण लोकसभेला आमचं मत नागपूरला पडत नाही, रामटेकला पडतं. रामटेकचा मतदारसंघ शहराला चारी बाजूंनी असा वेढून आहे की शहरातून कुठूनही बाहेर पडा, तुम्ही त्यातच जाता. आमच्याकडे पक्की समजूत होती की रिंगरोडच्या आत नागपूर आणि रिंगरोडच्या बाहेर रामटेक. ही समजूत कोणी तपासून पाहिली नव्हती. मीही नाही.

प्रेमलताबाईंची मुलगी मोनाली बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुलगी झाली. मोनालीचं सासर रिंगरोडच्या पलीकडे, चालत जाण्यासारखं. तिथल्या जिजाबाई लांजेवार, म्हणजे प्रेमलताबाईंच्या विहीणबाई, रोज नात पाहायला येत. त्या आल्या की मला पेपर वाचता येत नसे, कारण दोघींचं बोलणं पेपरपेक्षा चांगलं असायचं.

भांडण नावावरून होतं. जिजाबाईंना नातीचं नाव वैभवी ठेवायचं होतं. प्रेमलताबाईंना कौतिका. कौतिका हे त्यांच्या आईचं नाव. आईने दुसऱ्यांच्या वावरात निंदण करून चार लेकरं वाढवली आणि पक्क्या घरात एक दिवस न राहता ती गेली, एवढं मी व्हरांड्यातून ऐकलं होतं. "तिचं नाव घेणारं कोणी नाही आता," असं प्रेमलताबाई एकदा म्हणाल्या, आणि लगेच कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेल्या.

मतदानाच्या आठवडाभर आधीची गोष्ट. मी फाटकाशी कुंडीत पाणी घालत होतो, तर समोरून हाक आली.

"काकाजी, इकडे या जी! पंच पायजे!"

मी आयुष्यात कशाचाही पंच झालेलो नाही. घरी चहात साखर किती टाकायची हेही मला विचारत नाहीत. तरी हातातलं डबडं तसंच घेऊन मी गेलो. व्हरांड्यात दोघी विहिणी समोरासमोर खुर्च्या टाकून बसल्या होत्या. मध्ये जावई अंकुश होता, डोक्याला हात लावून. प्रेमलताबाईंचे यजमान शालिकरामभाऊ कोपऱ्यात मान हलवत होते. ते दोघींच्याही बाजूने मान हलवायचे.

"सांगा काकाजी," प्रेमलताबाई म्हणाल्या, "आम्ही नागपूरचे का नाही?"

मी काही बोलायच्या आधीच जिजाबाई म्हणाल्या, "त्यायले काय विचारता? खासदार रामटेकचा आन तोरा नागपूरचा! रिंगरोड ओलांडला का नागपूर संपलं, ईहीणबाई. नाव कसं ठेवाचं ते शहरातल्या माणसायले विचाराव."

"आमच्या रामटेकात गडावर साक्षात राम हाये. तुमच्या शहरात काय हाये? सिग्नल?"

"सिग्नलवर थांबाले अक्कल लागते. आन मागच्या बारीले तुमच्या लेआउटमधून मत द्याले गेलंच कोण? सगळे कुलर लावून पसरले होते. आमचे लोक लाइन लावतात, लाइन!"

"काय सांगता! तुमच्याकडचे लाइन लावतात ते पाणीपुरीची."

अंकुश बिचारा बरेच दिवस हे ऐकत होता. तो एकदम म्हणाला, "मंग असं करा ना. ज्या शाळेत मतदान जास्त होईल, तिकडच्या आजीनं नाव ठेवा. आम्हाले दोन्ही चालतात. फक्त हे बंद करा."

तो गमतीने बोलला होता. पण दोन्ही बायका एकमेकींकडे अशा पाहू लागल्या की आता गंमत राहिली नाही हे मलाही कळलं. आतून मोनाली ओरडली, "अहो, काय बोलून राहिले तुम्ही!" पण उशीर झाला होता.

"शंभरातले किती आले ते धराचं," जिजाबाई म्हणाल्या.

"शंभरातले धरा नाहीतर पावशेरातले धरा," प्रेमलताबाई म्हणाल्या. "काकाजी पंच."

आणि अशा रीतीने मी पंच झालो.

त्यानंतरचा आठवडा मी विसरणार नाही. प्रेमलताबाई रोज सकाळी गल्ल्या फिरायच्या. कोणत्या पक्षाला, कोणत्या माणसाला, एक शब्द नाही. फक्त, या. दार उघडेपर्यंत कडी वाजवायच्या. पाचव्या गल्लीतले गिरिधर झाडे नावाचे गृहस्थ आहेत, अंगाने भारी आणि स्वभावाने थंड. ते म्हणाले, "ताई, माझ्या एका मतानं काय होते?"

"आन तुमच्या एका पोळीनं काय होते, भाऊ? तरी पाचवी घेताच ना?"

गिरिधरभाऊ आपल्या बायकोकडे पाहू लागले, की हिने बाहेर सांगितलं की काय.

मतदानानंतर आपल्या अंगणात सगळ्यांना तर्री-पोहे, असं त्यांनी जाहीर केलं. मला जरा धास्ती वाटली. मी दबक्या आवाजात म्हणालो, "ताई, आचारसंहिता असते. मत देणाऱ्याला पोहे म्हणजे..."

त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "मंग ज्यानं नाही दिलं त्यालेही देईन. पण त्याले खाताना लाज वाटली पायजे."

मतदानाच्या दिवशी सकाळीच ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी दार उघडलं तर गल्लीत जत्रा. बायकांच्या डोक्यावर ओले दुपट्टे, पुरुषांच्या गळ्यात पंचे, म्हाताऱ्यांच्या हातात छत्र्या. आणि सगळ्यांच्या पुढे शालिकरामभाऊ, गळ्यात ढोलकी. ते गावी भजनात वाजवायचे हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. मान हलवणारा हा माणूस असं काही वाजवू लागला की सहाव्या गल्लीतल्या ज्या सूनबाई कधी घराबाहेर दिसत नसत त्यांनीही पाय टाकले. प्रेमलताबाईंनी हिरवं नऊवार नेसलं होतं आणि पायात चालायला सोयीचे म्हणून मोनालीच्या भावाचे पांढरे बूट घातले होते.

"काकाजी, तुम्ही पुढं या! पंच मागं राहते का?"

मी पुढे गेलो. मी नाचलो नाही. पण माझा डावा हात थोडा हलला असावा, कारण नंतर पुष्कळांनी मला ते सांगितलं.

आमचं मतदान जुन्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. रस्त्यावर चुन्याची रेघ मारली होती आणि तिथे एक पोलीस उभा होता. तो हात वर करून म्हणाला, "इथून पुढं वाजवणं बंद. मिरवणूक चालत नाही. कोणत्या पार्टीचे तुम्ही?"

"पार्टीचं नाही, साहेब," प्रेमलताबाई म्हणाल्या. "बारशाचं हाये."

"कायचं?"

"बारशाचं."

पोलिसाने टोपी काढून घाम पुसला आणि पुन्हा घातली. "बारसं असो नाहीतर लगन असो. आवाज नाही पायजे. आन गर्दीनं नाही, सुटे सुटे जा."

मग शालिकरामभाऊंनी ढोलकी पोटाशी धरली आणि सगळे सुटे सुटे, रांगेने चुन्याच्या रेघेपलीकडे गेले. पण पाय थांबेनात. आवाज नाही, गाणं नाही, आणि सगळी माणसं त्याच तालावर डुलत डुलत शाळेकडे चालली आहेत. कोणी हसायचंही नाही म्हणून तोंडावर पदर. पोलीस आधी रागाने पाहत होता. मग त्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

शाळेच्या आवारात कडुनिंबाखाली टेबल टाकून एक बाई बसल्या होत्या. प्रत्येकाची मतदार-चिठ्ठी पाहून कोणी कोणत्या खोलीत जायचं ते त्या सांगत होत्या. पहिल्या तीन गल्ल्यांचं पटापट झालं. माझंही झालं, बोटाला शाई लागली. बाहेर आलो तर टेबलाशी गलका.

"तुमचं इथं नाही जी," त्या बाई गिरिधरभाऊंना सांगत होत्या. "तुमचं रिंगरोडच्या पलीकडे, महापालिकेच्या शाळेत. हे पाहा, चिठ्ठीवर लिहिलं हाये."

"असं कसं? आम्ही एकाच लेआउटचे."

"लेआउट एक असला तरी जमीन दोन गावांची होती. मधातून नाला जाते ना? नाल्याच्या अलीकडच्या गल्ल्या रामटेकमध्ये, पलीकडच्या नागपूरमध्ये."

नाला आमच्या तिसऱ्या आणि चौथ्या गल्लीच्या मधून जातो. त्यावर स्लॅब टाकून वर बगीचा केला आहे. इतकी वर्षं आम्ही त्या बाकांवर बसून देशाच्या सीमेवर बोललो, आणि आमच्या बुडाखालून गेलेली सीमा कोणाला ठाऊक नव्हती. चिठ्ठ्या घरोघर आल्या होत्या. पण वाचल्या कोणी? एकाच गणपतीची आरती म्हणणारे लोक दोन शाळांत जातील असं कोणाच्या मनातच आलं नाही. त्या गल्ल्यांतले बरेचसे नवे, आधीच्या निवडणुकीत जुन्या पत्त्यावर मत दिलेले. म्हणजे सहा गल्ल्यांतल्या तीन, जवळजवळ अर्धी मिरवणूक, निघाली जिजाबाईंच्या शाळेची.

सगळ्यांना शर्त माहीत होती. त्यामुळे सगळे प्रेमलताबाईंकडे पाहू लागले.

गिरिधरभाऊंनी पंच्याने मान पुसली. "चला ताई, वापस जाऊ. पोहे खाऊ. तसंही ऊन झालं. आन आम्ही तिकडं गेलो तर फायदा तुमच्या ईहीणबाईचा. आम्ही घरी बसलो तर तुमचं नाव पक्कं."

यात चूक काहीच नव्हतं. बरेच जण माना हलवून छत्र्या उघडू लागले. प्रेमलताबाई निंबाच्या पारावर बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या. त्यांचे ओठ हलत होते. त्या काय म्हणत होत्या ते मला ऐकू आलं नाही, पण आपल्या आईशी बोलत असाव्यात असं मला उगाच वाटलं.

मग त्या एकदम उठल्या.

"गिरिधरभाऊ, छत्री बंद करा."

"काहून?"

"काहून म्हणजे? कुलरासमोरून उठवून आणलं मी तुमाले. आता फुकट वापस नेऊ? घरी लेकरायले काय सांगसान? आमी दारापर्यंत गेलो आन तितरमारेबाईनं वापस पाठवलं? माझं नाव असं घेतलेलं मले नाही चालत. चला. रिंगरोड काय लंडनले हाये का?"

"पण ताई, मंग कौतिका?"

"तिचं मी पाहीन. तुम्ही चला."

आणि त्या चालू लागल्या. ज्यांचं मतदान झालं होतं त्यांना घरी जायला हरकत नव्हती, पण कोणी गेलं नाही. चुन्याची रेघ ओलांडताच शालिकरामभाऊंनी ढोलकीवर थाप मारली, आणि ही थाप पहिलीपेक्षा जोरात होती. पोलीस म्हणाला, "आता कुठं?" प्रेमलताबाई म्हणाल्या, "दुसऱ्या मतदारसंघात!" पोलिसाने हात जोडले.

रिंगरोडवर ट्रक. प्रेमलताबाईंनी मधोमध जाऊन हात आडवे केले. हिरवं लुगडं, पांढरे बूट आणि पसरलेले हात पाहून एका पंजाबच्या ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि मग ढोलकीच्या तालावर हॉर्न वाजवू लागला. मी ओलांडताना घाबरलो होतो. पण खरं सांगायचं तर मी हसतही होतो. रिंगरोडवर आपण हसू शकतो हे मला माहीत नव्हतं.

पलीकडच्या शाळेसमोर शुकशुकाट होता. लाइन वगैरे काही नाही. फाटकापासून दूर, एका झाडाखाली जिजाबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर पाण्याचा माठ घेऊन रडकुंडीला येऊन बसल्या होत्या. सकाळपासून हाका मारून त्यांचा घसा बसला होता. त्यांच्याकडचेही कुलर लावून पसरले होते. लांबून ढोलकी ऐकू आली तशा त्या उठल्या. आधी त्यांना वाटलं की विहीण जिंकून टोमणा मारायला येते आहे.

"मतदान सरलंही नाही आन नाचाले आल्या का वं?" त्या बसक्या आवाजात म्हणाल्या.

"नाचाले नाही, ईहीणबाई," प्रेमलताबाई धापा टाकत म्हणाल्या. "हे तुमचे मतदार हायेत. चुकून आमच्या घरी आले होते. वापस आणून दिले. घ्या मोजून."

जिजाबाईंना आधी समजेना. मग गिरिधरभाऊंनी नाल्याची हकिकत सांगितली. जिजाबाई एकदा विहिणीकडे, एकदा त्या गर्दीकडे पाहत राहिल्या. शेवटी माठातलं पाणी ग्लासात ओतून त्यांनी पुढे केलं.

"प्या आधी. लाल टमाटर झाल्या तुम्ही."

संध्याकाळी मतदान संपल्यावर दोन्हीकडचे आकडे कळले. पंच म्हणून मला सांगावं लागलं. जिजाबाईंची शाळा जिंकली होती, थोडक्यानेच. पोहे मात्र आम्ही सकाळी परत आल्यावर दोन्ही मतदारसंघांनी खाल्ले होते आणि तर्री कमी पडली होती.

बारशाला मला बोलावणं आलं. बायकांचा कार्यक्रम, मी दाराशी चपलांजवळ उभा राहिलो. पाळणा सजवला होता. नाव ठेवायला बाळाची आत्या, म्हणजे अंकुशची बहीण भूमिका, पाळण्यावर वाकली. ती कानात नाव सांगते तेव्हा बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या मारतात, तशा मारू लागल्या. तेवढ्यात जिजाबाई ओरडल्या,

"भूमिके, कौतिका ठेव!"

"वैभवी ठेव वं!" प्रेमलताबाई त्याहून मोठ्याने ओरडल्या. "शर्त म्हणजे शर्त!"

"कायची शर्त? अर्धे मतदार तुमच्या हातचे! हे जितणं नाही! कौतिका!"

"मी हरली, मले हरू द्या ना! वैभवी!"

"तुम्हाले हरताही येत नाही नीट! कौतिका!"

इतके दिवस जी नावं एकीने दुसरीच्या तोंडावर फेकली होती, तीच आता उलटी. आणि दोघी ओरडताना जोरात बुक्क्या मारत होत्या, त्या सगळ्या बिचाऱ्या भूमिकेच्या पाठीत. बाळ जागं होऊन रडायला लागलं. मोनाली हसता हसता पलंगावर आडवी झाली. शालिकरामभाऊ माझ्या बाजूला उभे होते, ते दोन्ही नावांना मान हलवत होते.

"थांबा!" भूमिका एकदम ताठ उभी राहिली. "पाठ मोडली माझी! ठेवलं मी!"

"काय ठेवलं?" दोघी एकदमच.

"कौतिका."

"काहून वं?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

"काहून म्हणजे? माझी आई सांगून राहिली ना. मी आईचं ऐकू का तुमचं?"

जिजाबाईंनी जिंकल्यासारखी मान उडवली. प्रेमलताबाईंनी पदर तोंडावर घेतला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला दाराशी उभं राहून कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मग त्यांनी पदर काढला आणि बाळाला उचलून तिचं नाव घेतलं. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. प्रत्येक वेळी जरा मोठ्याने.

त्यानंतर आमचं बोलणं वाढलं असं नाही. मी आपला फाटकाशी, त्या आपल्या व्हरांड्यात. दुसऱ्या शाळेचा रस्ता लोकांना माहीत झाला एवढाच फरक. जिजाबाई येत राहिल्या, आणि भांडायला नवीन विषय त्यांना कमी पडले नाहीत.

यंदा संक्रांतीनंतर प्रेमलताबाई गेल्या. झोपेतच गेल्या, कोणाला हाक न मारता. त्यांनी हाक मारली नाही ही एकच गोष्ट त्यांच्यासारखी नव्हती.

आदल्या दिवशी दुपारी त्या कडेवर नातीला घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. मी उन्हात खुर्ची टाकून बसलो होतो.

"काकाजी, टाकी भरली जी. मोटर बंद करा."

"केली."

"नाही केली. वाहून राहिली ना धो धो! कौतिके, काकाजीले दाखव, वर पाहा म्हणा."

मी वर पाहिलं. "हो, करतो," म्हणालो.

"करा लवकर," त्या म्हणाल्या.